अहमदपूर : एक तालुका, तीन जिल्हे आणि नकलेत हरवणारी माहिती

१/ अहमदपूर तालुका जागचा हलला नाही. त्याचे जिल्हे मात्र बदलले. निजामाच्या हैदराबाद संस्थानात तो बिदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर आणि निलंगा यांच्यासह तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा स्थापन झाला आणि अहमदपूर लातूरचे झाले.

२/ संस्थानकाळातील एखाद्या महसुली कागदावर 'जिल्हा बिदर' असा मथळा, उर्दू मजकूर आणि फसली सन असतो. समजा, त्याची सुवाच्य मराठी नक्कल झाली. खातेदार, सर्व्हे नंबर, क्षेत्र, सारे अचूक उतरले. सोयीसाठी बिदरचे 'लातूर' केले. मजकूर शाबूत राहिला, पण मूळ कागद कोणत्या जिल्ह्याच्या दफ्तरात शोधायचा, ही खूण पुसली गेली. बिदर आज कर्नाटकात आहे.

३/ सनाचे तसेच. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, असे सांगतात. परंतु हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. आजूर हा पहिला महिना, आबान अखेरचा. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई फसली १३५७ मध्येच झाली. महिना गाळून नुसती बेरीज केली, तर उत्तर येते १९४७. एका वगळलेल्या शब्दाने कागद मुक्तिसंग्रामाच्या अखेरीपासून वर्षभर मागे सरकतो.

४/ संगणकातही नेमके हेच घडते. फाइलच्या मजकुराभोवती न दिसणारी माहिती असते : मालक कोण, परवानगी कोणाला, वेळ कोणती. ही माहिती पुष्कळदा फाइलच्या आत नसते. ती डिस्कची फाइल प्रणाली स्वतःच्या रकान्यांत सांभाळते. नव्या प्रणालीत तो रकाना नसेल, तर माहिती मागेच राहते.

५/ १९८४ च्या मॅकिंटॉशवर एका फाइलचे दोन भाग असत. डॉसच्या फ्लॉपीवर साधी नक्कल केली की दुसरा भाग गळे. विंडोजची एनटीएफएस प्रणाली वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवते. पेनड्राइव्हवरील फॅट-३२ स्थानिक वेळ लिहिते, पण ती कुठली हे लिहीत नाही. मालक आणि परवानगी यांना तिच्यात जागाच नाही. वेळ उरते, तिचे पंचांग हरवते.

६/ आजचा मॅक अशा पेनड्राइव्हवर जादा माहिती वेगळ्या लपलेल्या फाइलमध्ये ठेवतो. तिचे नाव टिंब आणि अधोरेषेने सुरू होते. पुढचा माणूस तिला कचरा समजून पुसून टाकतो. छायाचित्राची तारीख मात्र चित्राच्या फाइलमध्येच असते, म्हणून पेनड्राइव्हवर ती टिकते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली की तीही जाते.

७/ हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन कागद पुन्हा उघडले. अशा वेळी नोंद कोणत्या दफ्तरातील, कोणत्या वर्षाची, हेच विचारले जाते. मथळा नसलेले छायाचित्र त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

८/ अभिलेखागारांनी हा धडा फार पूर्वी घेतला. एका कार्यालयाचे कागद एकत्रच ठेवावेत, विषयवार विखरू नयेत, हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ च्या परिपत्रकाने रूढ झाले. कागद कोठून आला, हा त्याच्या अर्थाचाच भाग आहे.

९/ म्हणून कागदाचे छायाचित्र घेताना आधी बस्त्याच्या वेष्टनाचे घ्यावे. जिल्हा, महिना, सन मूळ शब्दांतच उतरावेत; आजचे नाव आणि इसवी सन शेजारी कंसात द्यावेत. दफ्तराचे नाव आणि पान क्रमांक छायाचित्रांसोबत साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहावा. ती फाइल कोणत्याही प्रणालीवर उघडते, कारण तिची माहिती रकान्यात नसते, मजकुरात असते.