पोलीस अ‍ॅक्शननंतरचे पोलीस

आमच्या नांदेड-लातूरकडे 'पोलीस अ‍ॅक्शन' हा शब्द अगदी अडाणी म्हातारीच्याही तोंडी असायचा. खरं तर त्या कारवाईत पोलीस नव्हतेच. 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानात शिरलं ते भारतीय सैन्य, आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी केलेला छळ, लुटालूट, खून, जाळलेली गावं यांबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय आणि ते लिहायलाच हवं होतं. मला आज त्याच्या नंतरच्या दोन-तीन वर्षांबद्दल लिहायचंय, कारण त्याबद्दल आपण सहसा बोलत नाही.

मोगलाईत पोलीस खातं बहुतांशी मुसलमानांचं होतं. लोकसंख्येत मुसलमान आठात एखादा, पण ठाण्यात चित्र उलटं. कारभार उर्दूत. मराठी शेतकऱ्याची फिर्याद लिहिली जायची ती त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत. हा अन्याय होता आणि तो दूर होणं गरजेचंच होतं.

प्रश्न आहे तो कसा दूर केला याचा. मेजर जनरल चौधरींच्या लष्करी राजवटीत मुंबई, मद्रास, मध्य प्रांत इथून अधिकारी आणि पोलीस आणले गेले. जुन्यांपैकी कित्येकांना बडतर्फ केलं, निलंबित केलं, वेळेआधी घरी पाठवलं. यांत रझाकारांना सामील असलेले जसे होते, तसे निव्वळ नाव मुसलमानी म्हणून संशयात सापडलेलेही होते. खात्यात लोकसंख्येच्या प्रमाणात माणसं हवीत, हे कारण वरवर बिनतोड वाटतं. पण ज्याची नोकरी गेली त्या जमादाराने स्वतः काय केलं होतं, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

आता दुसरी बाजू. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलीस अ‍ॅक्शनच्या दरम्यान आणि नंतर 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत. कासीम रझवी लातूरचाच वकील, त्यामुळे या गावावर राग जास्त. तिथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली आणि दहा हजारांपैकी जेमतेम तीन हजार मुसलमान गावात उरले, असं अहवाल सांगतो. लुटीत सैन्यातले आणि स्थानिक पोलिसांतले काही जण सामील होते, हेही त्यात आहे. शेजाऱ्याला जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही आहे. हा अहवाल कितीतरी वर्षं दडून राहिला, 2013 च्या सुमारास तो लोकांना पाहायला मिळाला.

रझाकारांसाठी खास न्यायाधिकरण नेमलं गेलं. या वीस दिवसांसाठी तसं काही नेमलं गेलं नाही. एकाच मुलखातल्या गुन्ह्यांना दोन मापं!

सुप्रीम कोर्टात मात्र थोडी वेगळी हवा होती. बीबीनगर दरोड्याच्या खटल्यात रझवीची सात वर्षांची शिक्षा 1953 साली कायम राहिली, पण पाचपैकी दोन न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं. तो 1957 ला सुटून पाकिस्तानात गेला. वरंगळचा सुभेदार हबीब महंमद याला तर खास न्यायाधीशाने फाशी सुनावली होती. गोळीबाराच्या वेळी हजर असलेल्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची साक्षच सरकारने घेतली नव्हती. कोर्टाने त्यावर बोट ठेवलं आणि त्याला निर्दोष सोडलं. नव्या राज्यघटनेचं शाईसुद्धा वाळली नव्हती, आणि ज्या राजवटीबद्दल लोकांच्या मनात इतका राग, तिच्या एका अधिकाऱ्याला तिचा आधार मिळाला. मला हे फार मोठं वाटतं.

त्याच घटनेत कलम 311 आहे. सरकारी नोकराला आरोप सांगितल्याशिवाय आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. (त्याला अपवाद आहेत, ते असो.) पोलिसाला मिळालेलं हे संरक्षण ऐकलं की आपण कपाळाला आठ्या घालतो, 'म्हणूनच हे सोकावतात' म्हणतो. पण ठाण्यात आणलेल्या पारध्याच्या पोरालाही नेमकं हेच हवं असतं : तू कोण ते बाजूला ठेवू, तू काय केलंस ते सांग, आणि आधी तुझं ऐकून घेतो. ज्या खात्यात शिपायाचंच कुणी ऐकून घेत नाही, तिथे तो आरोपीचं काय ऐकणार?

दर 17 सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो. जरूर करावं, स्वामी रामानंद तीर्थांच्या लढ्याचं ते देणं आहे. पण मुक्ती म्हणजे ठाण्यातली नावं बदलणं एवढंच नव्हतं. ठाण्यात नाव विचारून न्याय ठरू नये, हे काम अजून शिल्लक आहे. तुम्हाला काय वाटतं?