मट्टनचेरीतला एक दिवस



आपल्या स्वयंपाकघरात आलं येत नाही, त्याचं काम सुंठ करते. चहात सुंठ, सर्दीच्या काढ्यात सुंठ. वाण्याकडे चांगली सुंठ मागितली की तो ‘कोचीन सुंठ’ पुढे करतो. त्या कोचीला, तिथल्या मट्टनचेरी या खाडीकाठच्या जुन्या पेठेत, यंदा जानेवारीत सासूबाईंबरोबर एक दिवस फिरले. तिथे जे पाहिलं आणि ऐकलं, ते आपल्या घरांशी फार जवळचं वाटलं, म्हणून लिहिते आहे.

आधी थोडा इतिहास. 1341 साली पेरियार नदीला मोठा पूर आला. त्याने मुझिरिसचं प्राचीन बंदर गाळाने भरलं आणि कोचीचं तोंड खुलं झालं, असं इतिहासकार मानतात. मिऱ्याचा व्यापार मग इकडे वळला. 1500 साली पोर्तुगीज आले, 1663 मध्ये डचांनी त्यांना हुसकावलं, 1795 मध्ये इंग्रज आले. एवढी उलथापालथ झाली, पण पेठ मसाल्याचीच राहिली.

सकाळी एर्नाकुलमहून बोटीने फोर्ट कोचीला उतरलो. पाण्याची गाळलेली बाटली, दशम्या आणि शेंगाचटणी बरोबर होतीच. काठावर ती प्रसिद्ध चिनी जाळी आहेत. दोरांना मोठमोठे दगड बांधून त्यांच्या वजनावर चार-सहा माणसं ती खालीवर करतात. युक्ती पाहण्यासारखी आहे, पण जाळं वर आलं की त्यात जीव तडफडताना दिसतात. आम्ही फार थांबलो नाही, रिक्षाने मट्टनचेरी गाठली.

तिथे गुजराती रोडवर पंधरावे तीर्थंकर भगवान धर्मनाथांचं मंदिर आहे, 1904 सालचं. मसाल्याच्या व्यापारासाठी कच्छ-काठियावाडातून आलेल्या कुटुंबांचा हा रस्ता. आपली परंपरा दिगंबर, मंदिर श्वेतांबर. मूर्तीचे डोळे आणि आंगी पाहून सासूबाई क्षणभर थबकल्या, मग हात जोडून णमोकार म्हणू लागल्या. दुपारी अंगणात कबुतरांना दाणे टाकतात. शेकडो पाखरं एकदम उतरली. समुद्रात जाळी टाकणाऱ्या गावात राहून या घरांनी आपला आहार आणि जीवदया सांभाळली, ही मला मोठी गोष्ट वाटते.

जवळच एका वखारीच्या अंगणात आलं वाळत घातलेलं होतं. बायका खाली बसून निवडत होत्या. पांढरी दिसणारी सुंठ चुन्याच्या निवळीतून काढलेली असते, हे तिथे कळलं.

या पेठेत आपल्या बाजूचे लोकही आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडलेली कोकणी कुटुंबं इथे आली. त्यांच्यातल्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याला मलबारच्या वनस्पतींची माहिती दिली. त्यांनी 1675 साली कोकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र ‘हॉर्टुस मलबारिकुस’ या ग्रंथात छापलेलं आहे. त्याचे 12 खंड 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला निघाले. आपली ओळखीची लिपी इतक्या दूर, इतक्या पूर्वी छापली गेली!

दुपारी राजवाडा पाहिला. 1555 च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला, पुढे डचांनी दुरुस्त केला म्हणून नाव ‘डच पॅलेस’. भिंतींवर रामायणाची सुंदर चित्रं आहेत. राजाने आपल्या देवळाला लागूनच ज्यूंना जागा दिली. तिथे त्यांनी 1568 साली आपलं प्रार्थनामंदिर बांधलं. आपल्यासारखंच आत जाताना पादत्राणं काढावी लागतात. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या फरश्या, वर काचेची झुंबरं. 1968 साली त्याला चारशे वर्षं झाली तेव्हा इंदिरा गांधी आल्या होत्या.

आणि आज? 1948 मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. मागे मोजकी माणसं उरली. त्यांच्या धर्मात सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि इथे ते दहा जमणंच अवघड होऊन बसलं. कुणी त्यांना हाकललं नाही, मंदिर मोडलं नाही. फरश्या चकचकीत आहेत, तिकीट काढून लोक येतात. प्रार्थना करणारे तेवढे नाहीत.

बाहेर पडताना सासूबाई म्हणाल्या, “आपल्या गावच्या बस्तीचंही असंच झालंय की गं.” मी गप्प झाले. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या गावात त्या लग्न होऊन आल्या तेव्हा जैनांची चाळीस घरं होती. आता सहा उघडी असतात. बाकीचे पुण्या-मुंबईला, काही परदेशात. उपाध्ये सकाळी कुलूप काढतात, अभिषेक करतात, कुलूप लावतात. शिखराचा जीर्णोद्धार आम्ही सर्वांनी वर्गणी काढून थाटात केला, पण रोज दर्शनाला येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून आम्ही लवकर परतलो. बोटीतच सासूबाईंनी ठरवलं की पर्युषणाचे दहाही दिवस दोन्ही नातवंडांना गावी न्यायचं. शाळा चार दिवस बुडाली तर बुडू दे. मुलांना पूजेची थाळी लावता आली पाहिजे, अभिषेकाला उभं राहता आलं पाहिजे, गंधोदक कसं घ्यायचं ते माहीत पाहिजे. देणगी फोनवरूनही पाठवता येते, पण या गोष्टी तिथे गेल्याशिवाय येत नाहीत.

तुमच्या माहेरच्या किंवा सासरच्या गावी मंदिर असेल तर यंदा पर्युषणात जाऊन या. मुलांना बरोबर न्या. आणि तिथे आता किती घरं उघडी आहेत, ते मला जरूर कळवा.