जोडीच्या बलातून अणुकेंद्रीय द्रव्याकडे

दोन न्यूक्लिऑनांमधले (प्रोटॉन वा न्यूट्रॉनांमधले) बल नेमके कळले, की त्यांच्या अफाट समुदायाचे गुणधर्म गणिताने काढता आले पाहिजेत. या दाव्याच्या कसोटीसाठी भौतिकीत एक काल्पनिक पदार्थ घेतात: प्रोटॉन-न्यूट्रॉन समसमान, विद्युत् प्रतिसारण वगळलेले, विस्तार अमर्याद. जड अणुकेंद्रांच्या मापनांवरून त्याची घनता दर घन फेम्टोमीटरला ०.१६ न्यूक्लिऑन आणि बंधन-ऊर्जा प्रत्येकी सुमारे १६ एमईव्ही ठरते.

हे १६ येतात कुठून? पाउलीच्या अपवर्जन तत्त्वामुळे इतक्या दाटीत न्यूक्लिऑन स्वस्थ राहूच शकत नाहीत. प्रत्येकाची गतिज ऊर्जा सरासरी २२ एमईव्ही भरते. आकर्षणाने ३८ मिळवावेत, तेव्हा १६ हाती लागतात. म्हणजे आकर्षणाच्या हिशेबात दहा टक्के चूक झाली, तर उत्तराचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला.

शिवाय हे बल जवळून उग्र आहे. विकिरणाच्या प्रयोगांवरून रॉबर्ट जॅस्ट्रो यांनी १९५१ साली अर्ध्या फेम्टोमीटरच्या आसपास कठीण, प्रतिसारक गाभा मांडला. असा गाभा साध्या प्रक्षोभ-गणितात घातला, की पहिल्याच पदात अनंत येते. कीथ ब्रुकनर यांनी वाट काढली: एका जोडीच्या वारंवार होणाऱ्या टकरींची बेरीज आधी पूर्ण करायची आणि मूळ बलाऐवजी तीच वापरायची. भोवतालच्या न्यूक्लिऑनांनी खालच्या अवस्था आधीच व्यापलेल्या असतात, त्यामुळे ही टक्कर निर्वातातल्या टकरीहून वेगळी निघते. सारे मर्म इथे आहे.

तरीही उत्तर जुळले नाही. फ्रिट्झ कोस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७० साली दाखवले, की द्विकण प्रयोगांशी जुळणारी वेगवेगळी बले ऊर्जा-घनतेच्या आलेखावर एका अरुंद पट्ट्यात पडतात आणि तो पट्टा मापनांतून ठरलेल्या खऱ्या बिंदूला चुकवून जातो. ऊर्जा साधली तर घनता फार, घनता साधली तर बंधन अपुरे. माझ्या मते या विषयातले सर्वांत बोलके अपयश हेच. उणीव गणनपद्धतीची नव्हती; जोड्यांची बेरीज म्हणजे समुदाय, हे गृहीतकच अपुरे होते. न्यूक्लिऑनला अंतर्गत रचना आहे: एकाकडून आलेल्या पायॉनने (हे बल वाहणाऱ्या कणाने) दुसरा उद्दीपित होतो आणि तिसऱ्याकडे पायॉन सोडतो. फुजिता-मियाझावा यांनी हे त्रिकण बल १९५७ मध्येच मांडले होते.

त्याचा पुरेपूर वापर नागपूरचे विजय पांढरीपांडे यांनी इलिनॉय विद्यापीठात केला. १९९८ च्या त्यांच्या गणितात नुसत्या द्विकण बलांवर न्यूट्रॉन तारा, म्हणजे अशाच दाट द्रव्याचा गोळा, १.७-१.८ सौर वस्तुमानापर्यंतच तगतो. त्रिकण बल धरले की मर्यादा २.२ वर जाते. २०१० साली मोजलेला एक न्यूट्रॉन तारा १.९७ चा निघाला, म्हणजे नुसत्या द्विकण बलांच्या मर्यादेपलीकडचा.