थंड हवेचे ठिकाण : डोंगर, कंपनी आणि गाव

‘थंड हवेचे ठिकाण’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की तो कोणाच्या बाजूने बोलतो, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. आमच्या बुलडाण्याविषयीही तो वापरला जातो. अजिंठ्याच्या रांगेवर वसलेले हे शहर मलकापूरकडून घाट चढून येणाऱ्याला थंड वाटते, म्हणून. जो डोंगरावरच जन्मला त्याला तिथल्या हवेसाठी वेगळे नाव लागत नाही. त्याच्या लेखी ते गाव असते, रान असते, गुरांची वाट असते. म्हणजे हे नाव पाहुण्याने ठेवलेले आहे. महाराष्ट्रातील गिरिस्थानांचा इतिहास या दृष्टीने वाचून पाहावा, असे आम्हांला वाटते.

हा इतिहास पाठ्यपुस्तकांत ‘शोधा’पासून सुरू होतो. 1824 मध्ये लॉडविक महाबळेश्वरच्या कड्यावर चढला. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने माथेरान शोधले. वास्तविक लॉडविक येण्याआधी कित्येक शतके कृष्णेच्या उगमाशी क्षेत्र महाबळेश्वर नांदत होते. 1829 मध्ये साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून ही जागा इंग्रजांनी घेतली आणि मोबदल्यात वाईकडचे खंडाळा गाव दिले. व्यवहार दोन सत्तांमध्ये झाला. डोंगरावर राहणाऱ्यांना विचारण्याचा प्रश्नच कोणाला पडला नाही. पुढे झाडी राखण्यासाठी जंगलावर निर्बंध आले आणि कोळसा पाडून लोखंड गाळणाऱ्या धावड लोकांचा पिढीजात धंदा बसला. पाहुण्यांची सावली राखली गेली, ती स्थानिकांच्या भट्ट्या विझवून.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, पण ही रचना टिकली. 1996 मध्ये महाराष्ट्र शासनाने खाजगी विकसकांकरवी नवी गिरिस्थाने उभारण्याची नियमावली काढली. तिच्या आधारे 2001 मध्ये पुणे जिल्ह्यातील मुळशी आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतील 18 गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून अधिसूचित झाला. तेथे जे शहर उभे राहिले, ते लवासा. त्याच्या पायथ्याशी मोसे नदीवरील वरसगाव धरणाचा जलाशय आहे. पुण्याच्या पाण्यासाठी या खोऱ्यातील गावांनी एकदा जमिनी सोडल्याच होत्या. आता त्याच पाण्याचे ‘दृश्य’ झाले आणि काठाच्या उतारांना भाव आला. उघड्याबोडक्या डोंगरांवर आपण हिरवळ आणीत आहोत, असे कंपनीचे म्हणणे होते. ग्रामस्थांच्या आणि जनआंदोलनांच्या तक्रारी निराळ्या होत्या : कमाल जमीनधारणा कायद्याखाली भूमिहीनांना व आदिवासींना मिळालेल्या जमिनी हातातून गेल्या, खरेदीखते कोणी कोणाच्या नावे केली ते कळले नाही, वहिवाटीच्या वाटा अडल्या.

या वादातील एक तपशील भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. 1994 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार 1000 मीटरपेक्षा उंचावरील मोठ्या पर्यटन प्रकल्पांना केंद्राची मंजुरी आवश्यक होती. लवासाला 2004 मध्ये मंजुरी दिली ती राज्याने. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली, तेव्हा वादाचा एक मोठा भाग या उंचीभोवतीच फिरला. डोंगर कोठे सुरू होतो, हे मीटरमध्ये ठरत होते. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या टप्प्यातील 2000 हेक्टरला सशर्त मंजुरी मिळाली. पण या झऱ्यावर कोण पाणी भरते, या उतारावर कोणाची नाचणी पिकते, हे मोजण्याचे माप त्या नियमात नव्हते.

मुळशी तालुक्याला हा अनुभव नवा नव्हता. याच तालुक्यात टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे नेते होते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. मावळे बांधकामावर जाऊन बसले, तुरुंगात गेले, आणि तरीही धरण झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यातील आतली फूटही दाखवली. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. ज्याचे नाव कागदावर, त्याला चांगला मोबदला हवा होता. जो राबत होता, त्याला जमीनच हवी होती. आमच्या मते मुळशीने शिकवलेला मुख्य धडा हाच आहे. ‘स्थानिकांची संमती’ म्हणताना स्थानिक कोण, कागदावरचा की शेतातला, हे आधी ठरवावे लागते. 1921 मध्ये भूसंपादन कायदा होता, लवासाच्या वेळी खरेदीखत होते. साधन बदलले, प्रश्न तोच राहिला.

लवासाची कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. काही जण याला नियतीचा न्याय म्हणतात. आम्हांला तसे म्हणवत नाही. कंपनी बुडाल्याने कापलेला डोंगर भरून येत नाही, आणि जमीन विकून पहारेकरी झालेला शेतकरी पुन्हा शेतकरी होत नाही. उलट, नोकरीही जाते.

हा विषय जुना झालेला नाही. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने सातारा, जावळी, पाटण व महाबळेश्वर तालुक्यांतील 235 गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पाचा प्रारूप आराखडा 2024 मध्ये प्रसिद्ध केला. शेजारी कास पठार आहे, कोयनेचे अभयारण्य आहे, आणि कोयना धरणाने उठवलेल्या गावांची आठवणही आहे. पर्यटन नकोच, असे या गावांतील सारेच म्हणत नाहीत. रस्ता, दवाखाना, मुलांना गावातच काम या मागण्या खऱ्या आहेत, आणि त्या मागणाऱ्यांना शहरातून निसर्गप्रेम शिकवणे हाही एक प्रकारचा उद्धटपणाच होय. प्रश्न एवढाच की आराखडा गावाला कळेल अशा मराठीत, हरकतीला पुरेसा वेळ देऊन, ग्रामसभेसमोर ठेवला जातो काय.

येथे साहित्याच्या शिक्षकांचे काम सुरू होते, असे आम्ही मानतो. ‘शोध’, ‘पडीक’, ‘विकास’, ‘नवीन’ हे शब्द वर्गात आले की ते कोणी, कोणाविषयी उच्चारले, हे विद्यार्थ्याला विचारता यावे. ‘नवीन महाबळेश्वर’ ज्या गावांवर उभे राहायचे, ती गावे जुनी आहेत. आराखड्यावर हरकत लिहिणारा शेतकरी आपल्या गावाचे नाव पहिल्या ओळीत लिहितो. वाचणाऱ्यांनीही तेथूनच वाचायला सुरुवात करावी.