विक्रेत्याच्या मध्यस्थाची दलाली खरेदीदाराने द्यावी का?

नागपूर जिल्ह्यातील, मिरचीसाठी ख्यात असलेल्या भिवापुरात भूखंड वा घर घेताना खरेदीदारापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. मध्यस्थ नेमला विक्रेत्याने. मग त्याची दलाली आपण का द्यावी?

कायद्याने अशी दलाली देण्यास मनाई नाही. मात्र ती आपोआप देणे लागत नाही. खरेदीदाराने ती कबूल केलेली असावी लागते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१९ नुसार, वेगळा करार नसल्यास काम पूर्ण होईपर्यंत मध्यस्थाचा मोबदला देय होत नाही. त्यामुळे केवळ इसार दिला म्हणून संपूर्ण दलाली मोजण्याची घाई करू नये. दोन्ही पक्षांकडून दलाली घ्यावयाची असेल, तर ती दोघांच्या माहितीने व संमतीने घेतली जावी. कामात गैरवर्तन करणारा मध्यस्थ त्या कामाच्या मोबदल्यास मुकतो, असे कलम २२० सांगते.

महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातील विक्रीसाठी मध्यस्थाचीही नोंदणी आवश्यक आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानुसार, नोंदणीविना व्यवहार करणाऱ्यास दररोज १०,००० रुपये, परंतु एकूण मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या घराच्या किंवा शेतजमिनीच्या खासगी विक्रीस ही अट नाही. तेथे लेखी करार हाच मुख्य आधार.

म्हणून इसारापूर्वीच दलाली किती, कोणी आणि केव्हा द्यायची, हे कागदावर उतरवावे. रक्कम धनादेशाने द्यावी व पावती जपून ठेवावी.