परसातली चूल आणि जाळीची शेगडी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. गेल्या दोन बैठकांत आपण ज्यावर तासन्‌तास बोललो तोच मी घेतला आहे. तलाव आणि भगवतीचे देऊळ पाहायला येणारे पाहुणे हल्ली आपल्याकडे मुक्कामाला राहतात आणि संध्याकाळी अंगणात "बार्बेक्यू" होईल का म्हणून विचारतात. तर मंडळाने सामाईक पैशांतून तशी शेगडी घ्यावी काय, आणि घ्यायची तर कसली, हा तो प्रश्न. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. पण चुलीपुढे वीस-पंचवीस वर्षे गेली, आणि या निमित्ताने पुस्तकेही मिळवून वाचली. त्यातून हाती लागले ते भगिनींपुढे ठेवते.

बार्बेक्यू हा शब्द आपल्याला नवा वाटतो, पण तो पुष्कळ जुना आहे. अमेरिकेजवळच्या वेस्ट इंडीज बेटांवर तायनो नावाचे मूळ रहिवासी होते. ते लाकडी काठ्यांचा माच उभारून त्यावर मासे व मांस ठेवीत आणि खाली विस्तव करीत. त्या माचाला ते "बार्बाकोआ" म्हणत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला आणि पुढे इंग्रजीत तो बार्बेक्यू झाला. म्हणजे मूळ अर्थ काय, तर विस्तवावरची माची! आमच्याकडे पावसाळ्याआधी चुलीच्या वर शिंक्यावर वस्तू धुरावत ठेवतात, त्याहून हे फार निराळे नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातही ही गोष्ट काही कालची नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ सालापासून बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांत चुली सापडल्या, तशी घराबाहेर अंगणातही विस्तवाची कुंडे सापडली. घरात एक चूल व बाहेर एक, ही आपल्या घराची मांडणी तेव्हापासूनची म्हणायची. पुढे चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या "मानसोल्लास" ग्रंथात, म्हणजे बाराव्या शतकात, मांसाचे तुकडे सळईवर ओवून निखाऱ्यावर भाजण्याची कृती आली आहे. ते राजवाड्यातले खाणे. गोरगरिबांचे भाजणे कोणी ग्रंथात लिहिले नाही, पण ते बंदही पडले नाही. देशावर थंडीत आगटी करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीचा हुरडा भाजतात. रायगडकडे मडक्यात वालाच्या शेंगा व भांबुर्डीचा पाला घालून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात, त्याला पोपटी म्हणतात. पाहुण्यांना हे सांगितले म्हणजे त्यांना आश्चर्य वाटते, कारण त्यांच्या मते बार्बेक्यू शहरातच जन्माला आला.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्या मागल्या दारी चूल का घालीत असत? हौसेखातर नव्हे. जे काम घरात झेपत नाही ते बाहेर, असा साधा हिशेब होता. कापणी झाल्यावर उकड्या तांदळासाठी भात उकडायचे, तर तांब्याचे मोठे भांडे आणि चुडतांचा, सोडणांचा जाळ. एवढी आग कौलाखाली कोण पेटवील? न्हाणीचे पाणी तापवायचे तेही बाहेर. लग्नामुंजीला किंवा देवळाच्या समाराधनेला जमिनीत लांब चर खणून चुलवण करायचे, तेही मांडवाच्या कडेला.

सगळ्यांत जबाबदारीचे काम काजू भाजण्याचे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून इकडे आणले आणि त्याबरोबर बाहेरच्या चुलीला एक कायमचे काम आणले. काजूच्या टरफलात जे तेल असते ते अंगावर उडाले तर कातडी भाजते, आणि त्याचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. म्हणून जुन्या डब्याच्या पत्र्याला भोके पाडायची, त्यावर बी पसरायची, खाली जाळ करायचा, तेलाने पेट घेतला की काठीने ढवळायचे आणि वेळेवर मातीत किंवा राखेत उलथायचे. मुलांना वाऱ्याच्या बाजूला उभे करायचे, धुराच्या बाजूला नव्हे. भोके पाडलेला पत्रा, खाली विस्तव, वर भाजायचा जिन्नस! पाहुणे ज्या शेगडीसाठी हजारो रुपये मोजतात तिचे सगळे तत्त्व या फुकटच्या पत्र्यात आहे.

आणि सुका बांगडा? तो तर आमचा खरा बार्बेक्यू. करवंटीचे निखारे लाल झाले म्हणजे त्यावर ठेवायचा, एकदा परतायचा, राख झटकायची, आणि पेजेबरोबर वाढायचा. त्याचा वास घरात कोंडू नये म्हणून माझ्या सासूबाई म्हणत, "भायर पेटय गो." ताजा बांगडा मीठ-मसाला लावून हळदीच्या पानात गुंडाळून भाजला तर पान जळते नि मासा राहतो. फणसाच्या आठळ्या आणि करांदेही त्याच राखेत भाजून होतात, त्यांना वेगळा विस्तव लागत नाही.

पण भगिनींनो, एक गोष्ट माझ्या मनात फार दिवस आहे ती येथे लिहिते. ज्या कामाचा धूर सगळ्या घराला त्रास देई ते काम बाहेर गेले. ज्या धुराचा त्रास एकट्या बाईला होई ते काम मात्र आत राहिले. रोजची भाकरी, रोजचा भात, सकाळची पेज सगळे आतल्याच चुलीवर. त्यातून जूनपासून चार महिने पाऊस, तेव्हा बाहेरची चूलही आत यायची आणि लाकडे ओली. कौलांतून धूर निघता निघत नसे. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचे डोळे सदा लाल आणि खोकला बारमाही. त्याला कोणी आजार म्हणत नव्हते.

त्यावर उपाय शोधणारेही झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास मगन चूल तयार झाली. हैदराबादला डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली धुरांडे असलेल्या बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका काढली. शासनानेही १९८० नंतरच्या दशकात सुधारित चुलींची मोहीम काढली आणि ती २००२ पर्यंत चालली. पण धुरांडे वेळच्या वेळी झाडले नाही तर सुधारित चूलही जुन्यासारखीच धुमसते, आणि झाडायला वर चढणार कोण हे कोणी ठरवले नव्हते. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याच दशकाच्या आरंभी गुजरातेतल्या खेड्यांत रांधणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले, तेव्हा कुठे जगाला ही गोष्ट मोठी वाटू लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरापायी जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास आला. खेड्यापाड्यांतल्या गरीब घरांसाठी उज्ज्वला योजना निघाली ती १ मे २०१६ रोजी. मधली साठ वर्षे आपल्या आयाबायांनी फुंकणीवर काढली.

हे सांगण्याचे कारण असे की, आता जी शेगडी हौसेने अंगणात येणार तिच्यापुढे तीन-तीन तास कोण उभे राहणार? पाहुणे खुर्चीवर बसतील. उभी राहणार आपलीच एखादी बाई. तेव्हा दिसायला कशी आहे, त्यापेक्षा धूर कुठे जातो हे आधी पाहिले पाहिजे.

शहरात मिळणाऱ्या झाकणाच्या गोल शेगडीची हकीगत मोठी गमतीची आहे. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचा गृहस्थ वेबर बंधूंच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तेथे पाण्यात सोडायचे लोखंडी बोये होत. उघड्या शेगडीवर वाऱ्याने राख उडते व चरबी पेटते म्हणून तो कंटाळला होता. १९५२ साली त्याने अशाच एका बोयाचे दोन भाग केले, खालच्यात विस्तव ठेवला आणि वरचा झाकण केला. वारा येण्याजाण्यास झरोके ठेवले. मालवणच्या धक्क्यावर आपण जे बोये पाहतो त्यातून ही जगप्रसिद्ध शेगडी निघाली! तिच्यात शिकण्यासारखे आहे ते झाकण आणि झरोके. झरोका उघडला की विस्तव वाढतो, मिटला की दबतो, आणि फुंकणी लागत नाही. परंतु पातळ पत्र्याची स्वस्त शेगडी आपल्या खाऱ्या दमट हवेत एकदोन पावसाळ्यांतच गंजते. बिडाची टिकते, पण तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर तडकते. गॅसवर चालणारी शेगडीही मिळते. तिला धूर कमी हे खरे, पण तिच्यासाठी सिलिंडर वेगळा लागेल, आणि निखाऱ्याचा स्वाद येणार नाही म्हणून पाहुणे कुरकुरतील ते निराळेच.

कोळशाविषयीही थोडे बोलले पाहिजे. मातीच्या भट्टीत एक किलो लाकडी कोळसा निघायला साधारण चार-पाच किलो लाकूड जळते. तलावाभोवतीच्या झाडीकडे पाहिले म्हणजे तो विकत आणण्याचे माझ्या जिवावर येते. आपल्या करवंट्या मात्र दर घरी पडून असतात. करवंटीचा निखारा कडक व धूर थोडा, म्हणून तर सोनार आणि इस्त्रीवाले तो वापरीत आले. ती बाजूला पूर्ण पेटवून, ज्वाळा बसल्यावरच जाळीखाली ओढावी. तेल माशावरून गळून विस्तवात पडले की भडका होतो, तेव्हा मासा एका अंगाला आणि निखारे दुसऱ्या अंगाला ठेवावेत. आणि पाऊस आला म्हणून निखाऱ्याची शेगडी कोणीही पडवीत किंवा खोलीत आणू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि कोंडलेल्या खोलीत माणसे झोपेतच जातात.

माझे मत विचाराल तर विकतची शेगडी नकोच. आपला जांभा चिरा आगीला चांगला. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे दोन-दोन थर कंबरेएवढ्या उंच कट्ट्यावर मांडावेत, म्हणजे वाकून पाठ दुखणार नाही. वर लोहाराकडून सळ्यांची जाळी करून घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त मिळते, पण ती तापल्यावर तिचा धूर बाधतो, तेव्हा साधे लोखंडच घ्यावे. कोणी डांबराचे पिंप अर्धे कापून देऊ म्हणेल तर त्यालाही नको म्हणावे. झाकणाला एक जुने मोठे पातेले उपडे घातले की काम भागते.

जागेचे म्हणाल तर आपल्याकडे सकाळी मतलई वारा सुटतो तो जमिनीकडून समुद्राकडे, आणि दुपारनंतर खारा वारा येतो तो समुद्राकडून. पाहुण्यांचे भाजणे संध्याकाळचे, तेव्हा तोपर्यंत कोणता वारा टिकतो ते दोन दिवस उदबत्ती लावून पाहावे, आणि मगच बाई कुठे उभी राहील ते ठरवावे. चुडताची एक ताटी बाजूला तयार असू द्यावी. वाळलेले गवत आणि पाचोळा दहा हात दूर झाडून काढावा, शेजारी पाण्याची कळशी भरलेली असावी.

चिरे पावसात भिजलेले असतात, त्यांत पहिलाच मोठा जाळ केला तर तडा जातो. दसऱ्यानंतर आठ दिवस रोज थोडा थोडा जाळ करून ते सुकवावेत. नाताळच्या सुट्टीला पाहुणे येतात, तोवर चूल तयार होते. जाळीसाठी दीड फूट बाय दोन फूट असे माप मी धरले आहे, त्यावर आठ बांगडे सुटे सुटे मावतात. मोठी हवी असेल तर पुढच्या बैठकीत सांगावे, कारण लोहाराला माप एकदाच द्यायचे आहे.