कार्डिनल बर्नार्डिन यांचा निर्णय

जून १९९५ मध्ये शिकागोचे आर्चबिशप कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ किरणोपचार व केमोथेरपी. ज्या इस्पितळात ते उपचार घेत, तेथील अन्य रुग्णांना धीर देण्यात त्यांचा बराच वेळ जाई. ऑगस्ट १९९६ मध्ये रोग यकृतात पसरल्याचे आढळले. आता फार तर वर्षभराचे आयुष्य होते. पुन्हा केमोथेरपी सुरू झाली, पण काही आठवड्यांनी ती थांबविण्याचा निर्णय कार्डिनलांनी घेतला.

हा जीवदानाचा अव्हेर म्हणावा काय? 'डोस बंद केले तर पाप लागेल का, फादर?' असे आपल्याकडील कुटुंबेही दबक्या आवाजात विचारतात.

ख्रिस्तसभेपुढे हा प्रश्न नवा नव्हता. सोळाव्या शतकात सालामांका विद्यापीठातील डोमिनिकन ईशज्ञानपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी तो चक्क कोंबडीच्या निमित्ताने सोडविला होता. आयुष्य वाढेल असे वैद्य सांगत असला, तरी महागडे कोंबडीचे मांस खाण्यास रुग्ण नीतिदृष्ट्या बांधील नाही. साधे अन्न पुरे. (गरिबाच्या खिशाचा असा विचार करणारे नीतिशास्त्र मला फार जवळचे वाटते.) पोप पायस बारावे यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे हेच तत्त्व मांडले. १९८० च्या व्हॅटिकन घोषणापत्राने अधिक स्पष्ट केले : उपचाराचे फळ अपेक्षेप्रमाणे नसेल, तर तो थांबविता येतो, रुग्णाची नित्य शुश्रूषा मात्र थांबविता येत नाही.

आणि फळ किती होते? मे १९९६ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी जेमसिटाबिन या औषधास मान्यता मिळाली. चाचणीतील रुग्णांचे मध्यम आयुर्मान जुन्या औषधाने ४.४१ महिने, तर नव्याने ५.६५ महिने भरले. जेमतेम पाच आठवड्यांचा फरक! कोणाला ते पाच आठवडे मोलाचे वाटतील. त्यालाही दोष देता येणार नाही.

कार्डिनलांनी मात्र उरलेल्या दिवसांत आणखी एक काम केले. वैद्याच्या साहाय्याने आत्महत्या करण्याच्या हक्काचा वाद तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता. त्या हक्काला विरोध करणारे पत्र त्यांनी मृत्युशय्येवरून न्यायाधीशांना लिहिले. निष्फळ उपचार नाकारणारा मरण निवडत नाही, हा भेद त्यांनी स्वतः जगून दाखविला होता. १४ नोव्हेंबर १९९६ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २६ जून १९९७ रोजी न्यायालयाने तो हक्क एकमताने नाकारला आणि उपचार नाकारणे व आत्महत्येस साहाय्य करणे यांतील भेद मान्य केला.